चुंबळ घेतलेली शोमरोनी बाई

बायबलातल्या बायकांची चित्रं मी पुढं पुष्कळ पाहिली. शहरातल्या ग्रंथालयात मोठाली पुस्तकं असतात, हात धुऊन या म्हणतात, तसली. त्यांत वाळवंटात पोराला घेऊन पाण्यावाचून बसलेली दासी आहे, दुसऱ्याच्या रानात कापणीनंतर पडलेला सरवा वेचणारी विधवा सून आहे, विहिरीवर घागर घेऊन उभी असलेली शोमरोनी बाई आहे. सगळ्या गोऱ्यापान आणि भरल्या अंगाच्या. तहानेनं मरायला टेकलेल्या दासीचेसुद्धा ओठ ओले! सरवा वेचणारीच्या टाचा लोण्यासारख्या. अरे, धसकटात कधी अनवाणी चालला होता का रे बाबांनो? माझं तर डोकंच फिरतं. आणि घागरीखाली डोक्यावर ठेवायची कापडाची चुंबळ, ती तर एकीच्याही नाही. मी मात्र एकीला चुंबळ दिली होती, आणि तेच सांगायला बसलोय.

बहात्तरच्या दुष्काळाचं साल. आमचं गाव परंड्याच्या अलीकडं. मी तेव्हा पाट्या रंगवायचो. रंगाचे डबे कुर्डुवाडीहून एस.टी.नं यायचे. गावात दूध संस्था निघाली, तिची पाटी माझी. उपसा सिंचन संस्था निघाली, तिचीही माझीच. त्या पाटीवर मी हौसेनं निळ्या लाटा काढल्या होत्या. पुढं नदीत नुसती वाळू राहिली, तशी माणसं त्या लाटांकडं बघून मलाच शिव्या घालायची. जसा काही पाऊस मीच अडवून धरला होता!

घरात मी आणि माझी माय, दोघंच. बाप कारखान्यावर ऊस तोडायला म्हणून गेला आणि तिकडंच दुसरी करून राहिला. माय दुष्काळी कामावर खडी फोडायची. सोबतीला तिची सख्खी बहीण, माझी मावशी. आमच्या वस्तीचा आड केव्हाच आटला होता. पाणी होतं ते पाटलांच्या विहिरीत. सकाळी वरच्या आळीच्या बायका भरून जायच्या, मग दुपारपर्यंत जे पाझरेल ते आमचं; खडीवरच्या बायका दुपारच्या सुट्टीत येऊन भरायच्या. तेही आपल्या हातानं शेंदायचं नाही. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन सोळा वर्षं झाली होती, तरी आमच्या बायकांनी कडेला घागरी मांडून उभं राहायचं आणि पाटलांच्या गड्यानं वरून ओतायचं. तो त्याच्या मर्जीनं ओतायचा.

अशात मिशनच्या दवाखान्यातलं काम आलं. तिथले पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, घाईत होते, त्यांना मदतीच्या दूध पावडरीच्या गाडीसाठी सोलापूरला जायचं होतं. एक जुनं कॅलेंडर त्यांनी माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बाहेरच्या भिंतीवर हे मोठं करून काढा. माणूस बसलेला, बाई उभी. मी आठ-दहा दिवसांत येतो." गोष्ट काही सांगितली नाही, मीही विचारली नाही.

कॅलेंडर घरी आणलं. विहिरीच्या काठावर दमलेला माणूस बसलाय, पाणी मागतोय, आणि बाई घागर घेऊन थबकलीय. मायनं हात पुसले, जवळ येऊन बघितलं आणि तिचा चेहरा एकदम खुलला.

"आरं, ही तर आपलीच गोष्ट की!"

आमच्या विहारात एक गोष्ट सांगायचे. तहानलेला भिक्खू विहिरीवरच्या अस्पृश्य मुलीकडं पाणी मागतो. ती म्हणते, मी हलक्या जातीची. तो म्हणतो, मी जात विचारली नाही, पाणी मागितलंय. मायला ती तोंडपाठ होती.

"मिशनवाल्यांकडं आपली गोष्ट कशी गेली गं?" मी म्हटलं.

"चांगली गोष्ट कुनाकडंबी जाती. तू काढ. लई चांगली काढ."

मला पटलं. पटलं कसलं, मी हुरळूनच गेलो! मायचा एकसुद्धा फोटो नव्हता. फोटो काढायचा प्रसंगच कधी आला नाही. मी ठरवलं, भिंतीवर मायच काढायची. संध्याकाळी कामावरून आली की तिला रिकामी घागर घेऊन उभी करायचो. "मेल्या, पाय भरून आले," असं म्हणायची आणि हसायची. कॅलेंडरातल्या बाईचा उघडा खांदा मी सरळ झाकून टाकला. डोक्यावर चुंबळ दिली, हनुवटीवर मायचे गोंदलेले तीन ठिपके दिले, पापण्यांवर खडीची पांढरी धूळ दिली आणि पायांना भेगा. रंग तिचा होता तसाच, काळासावळा.

सगळ्यात आधी ओळखलं मावशीनं. औषधाला आलेली, ती तिथंच ओरडली, "अगं बया, ही भिताडावर चढून बसलीय!" मग वस्तीतल्या बायका येऊन बघून जाऊ लागल्या. माय रोज कामावरून येताना वाकडी वाट करून दवाखान्यावरून यायची. जवळ जायची नाही. रस्त्यापलीकडं थांबून बघायची आणि घरी येऊन मला म्हणायची, "माज्याकडं मागतोय बग तो पानी. माज्याकडं!" इतकी ताठ मानेनं चालताना मी तिला आधी कधी बघितलं नव्हतं. मलाही लई बरं वाटायचं.

मग पाळकसाहेब परतले. माणूस भला होता, आजही मी त्यांना बोल लावत नाही. चित्रापुढं उभं राहून त्यांनी जमलेल्या लोकांना खरी गोष्ट सांगितली. ही शोमरोनी बाई, यहुदी लोक ज्यांच्या हातचं पाणी घेत नसत त्यांतली. बाकीच्या बायकांची तोंडं चुकवायला ही ऐन दुपारी पाण्याला यायची. हिला पाच नवरे झाले होते, आणि आता होता तो हिचा नवराच नव्हता. तरी प्रभूनं हिच्याच हातचं पाणी मागितलं, असं ते पुढं म्हणाले. पण पुढचं ऐकतंय कोण? लोकांनी पाच नवरे उचलले आणि घरोघर नेले.

माय घोळक्याच्या मागंच उभी होती. वाटेत एवढंच म्हणाली, "म्या बी दुपारचीच जाती की रं पान्याला."

दुसऱ्या दिवशी विहिरीवर पाटलांच्या गड्यानं पोहरा वर धरला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "काय बाई, पाचातला कितवा चालू हाय सध्या?" बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आमच्याच बायका! मायनं घागर उचलली आणि तशीच रिकामी घेऊन घरी आली.

"पुसून टाक ते," ती म्हणाली.

मी भडकलो. इतकं चांगलं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं. "तुला काय कळतंय चित्रातलं? चार दिवस हसतील आणि गप बसतील!" असं वाटेल ते बोललो. पाळकसाहेब स्वतः घरी आले. म्हणाले, "बाई, आमच्या शास्त्रात हिला मोठा मान आहे." माय उठून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "साहेब, तुमच्या पुस्तकात आसंल मान. आमच्या पानवठ्यावर न्हाय."

त्यानंतर ती विहिरीवर गेलीच नाही. मी जातो म्हटलं तर घागर देईना. नदीत वाळू उकरून झिऱ्याचं पाणी आणायची, तेही गढूळ आणि अर्धीच घागर. तिसऱ्या दिवशी ती पीठ मळत होती, तेव्हा माझं लक्ष तिच्या बोटांकडं गेलं. नखं मुळापासून उलली होती. पिठात लाल डाग दिसत होता. ब्रश घेतला आणि दवाखान्यात गेलो.

कॅलेंडर समोर ठेवलं आणि मायच्या तोंडावर गोरा रंग चढवला. चुंबळ पुसली, ठिपके पुसले, गाल गुलाबी केले, खांदा उघडा केला. तासाभराचंसुद्धा काम नव्हतं. रस्त्यावरून जाणारा एक जण म्हणाला, "आता कशी बाई दिसायली!"

माय पुन्हा विहिरीवर जाऊ लागली, पण तो रस्ता तिनं कायमचा सोडला. पुढं पाऊस पडला, तिच्या काही तो कामी आला नाही. खडीच्या धुळीनं छाती धरली होती. दोन वर्षं खोकून ती गेली. दवाखानाही उठला. इमारत दूध संस्थेनं घेतली आणि भिंतीला चुना फासला.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला पुढं ठेवायला फोटो पाहिजे होता. मी कागद घेऊन बसलो. चार वेळा काढलं, चार वेळा फाडलं. हनुवटीचे तीन ठिपके तेवढे जागेवर यायचे. बाकी नाक, डोळे, गाल काढायला गेलो की हात आपोआप कॅलेंडरातल्या बाईकडं वळायचा. शेवटी वेळ झाली, तशी पाचवा कागद तसाच पुढं ठेवला आणि हार घातला.

मावशी आली, वाकली आणि बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "लेकरा, ही कोन रं?"