एकदाच वापरायचे शब्द

समोरचा माणूस बोलत असला की त्यांचा अंगठा बोटांवरून फिरू लागायचा. करंगळीपासून तर्जनीपर्यंत, आणि पुन्हा करंगळी. क्रॉयडनच्या कॉलेजात मी गणित शिकवायला लागले त्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांना विचारलं, "इथली ही खुर्ची कुणाची आहे का?" ते म्हणाले, "तुमचीच. पण मादाम, काय वाक्य बोललात! बरोबर बारा अक्षरं."

माणूस चक्रम आहे, असं मी घरी येऊन सांगितलं. तुम्हीही तेच म्हणाला असता.

ते फ्रेंच होते. इंग्रज बायकोच्या पाठोपाठ इकडे आले आणि इथलेच झाले. दिवसा गणित शिकवायचे, उरलेल्या वेळात कविता करायचे. त्यांच्या कवितेत आधी नियम ठरायचा, मग शब्द यायचे. एक कविता वरून वाचली तर प्रश्न आणि खालून वाचली तर उत्तर. फ्रान्समध्ये दोन बारकी पुस्तकं निघाली होती. "गणितवाले म्हणतात, बिचारा कवी आहे. कवी म्हणतात, बिचारा गणितवाला आहे. त्यामुळे दोघंही मला माफ करतात."

"पण नियम हवेत कशाला?" मी एकदा विचारलं.

"नियम नसला तर मी चारचौघांसारखाच रडेन, मादाम."

मी त्यांना अभंगाची रचना सांगितली. सहा, सहा, सहा आणि शेवटी चार. त्यांनी ती बोटांवर मोजून पाहिली आणि म्हणाले, "शेवटचा चरण तोकडा का?" लहानपणापासून अभंग म्हणत आले, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. "तिथे टाळ वाजतात," मी ठोकून दिलं. त्यांना ते एकदम पटलं.

त्यांची बायको गडगडाटी हसायची. चर्चच्या क्वायरमध्ये गायची. प्रॅक्टिस सुटली की हे तिला आणायला ट्रामच्या स्टॉपवर उभे. ते आणि मी कॉलेजातून रिटायर झालो त्याच्या पुढच्या हिवाळ्यात ती आजारी पडली आणि गेली.

नंतर ते रविवारी आमच्याकडे जेवायला येऊ लागले. माझे मिस्टर हॉस्पिटलात डॉक्टर, रविवारी बहुधा ड्यूटीवर. म्हणजे वरणभाताला आम्ही दोघंच. पहिल्याच रविवारी त्यांनी नवा नियम सांगितला. बायकोवर रोज एक कविता. पण एकदा वापरलेला शब्द पुन्हा कुठल्याच कवितेत घ्यायचा नाही.

"'मी'सुद्धा नाही?"

"'मी' पहिल्याच दिवशी खर्च झाला."

"आणि 'ती'?"

"तीही." ते हसले. मला हसता आलं नाही.

"मग शब्द संपले की?"

"भाषा मोठी असते, मादाम, पण अनंत नसते. शब्द संपले की दुःख संपलं, असं धरायचं."

मला फ्रेंच येत नाही. ते ओळ म्हणायचे, मग इंग्रजीत अर्थ सांगायचे. सुरुवातीला भाकरी, उशी, हात असले शब्द होते. ते लवकर संपले. मग जस्त, गलबत, कांजिण्या असं काहीबाही यायला लागलं. तरी कशी कोण जाणे, त्यातही ती असायची. एकदा कांजिण्यांच्या कवितेला मी पदर डोळ्याला लावला, तर ते विद्यार्थ्यासारखे खूश झाले.

एकदा त्यांनी माझ्याकडे मराठी शब्द मागितला. मी 'चाहूल' दिला. कुणीतरी येतंय हे दिसायच्या आधीच कळतं, ते, असा अर्थ सांगितला. ते बराच वेळ वाटीतलं वरण ढवळत राहिले. मग म्हणाले, "नको. तिला मराठी येत नव्हतं."

पुढच्या वसंतातल्या एका रविवारी ते आले आणि ताटाला हातच लावला नाही. फ्रान्समधल्या एका मित्राला ते फोनवर कविता ऐकवत. त्याने चूक दाखवली होती. 'खिडकी' दोनदा आली होती.

"कुणाच्या लक्षात येणार आहे?" मी म्हटलं.

"नियम मोडला असता तर चाललं असतं, मादाम. मोडला नाही. मी विसरलो."

कविता त्या दिवशी थांबल्या. हळूहळू बाकीचंही सुटत गेलं. किल्ल्या, वार, माझ्या घराचा रस्ता.

एका संध्याकाळी बाजारातून येताना ते ट्रामच्या स्टॉपवर दिसले. इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले. "बायकोची वाट बघतोय. क्वायर सुटायची वेळ झालीय." मी त्यांचा हात धरून खरं काय ते सांगितलं. ते तिथेच बाकावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. कुठलाही नियम नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच उभे. तसेच आनंदात.

त्यानंतर मी खरं सांगितलं नाही. शेजारी बसायची. ट्राम यायची, माणसं उतरायची, ट्राम जायची. "पुढच्या ट्रामने येईल," ते म्हणायचे. "येईल हं," मी म्हणायची. थंडी वाजायला लागली की त्यांना घरी पोचवायचं.

एजवेअरला राहणारा माझा मुलगा फोनवर वैतागायचा. "आई, तू रोज का जाते? तो आपला फॅमिली नाहीये. कौन्सिलला सांग ना." कौन्सिलला सांगून झालं होतं. कौन्सिलची बाई सकाळी येऊन औषधं देऊन जायची. ट्राम संध्याकाळच्या असायच्या.

शेवटी फ्रान्सहून पुतण्या आला. भला माणूस. तिकडे आपल्या घराजवळच्या वृद्धाश्रमात त्यांची सोय करतो म्हणाला. फ्रान्सची गाडी सुटते त्या सेंट पँक्रास स्टेशनवर मी पोचवायला गेले. गर्दी, बॅगांची चाकं, पुतण्याची पासपोर्टसाठी चाललेली शोधाशोध. ते शांत होते. गेटपाशी त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"गाडीत खायला काही घेतलंत ना, मादाम?"

निघाले होते ते. पण त्यांना वाटत होतं, निघालेय मी.

"घेतलंय," मी म्हटलं.

"सांभाळून जा. आणि पोचल्यावर फोन करा. नाहीतर मला काळजी लागून राहते."

गेटच्या पलीकडे जाऊनही ते वळून हात हलवत राहिले. पुतण्याने खांद्याला धरून त्यांना पुढे नेलं.

घरी पोचले. कोट अंगातच होता. मी त्यांच्या क्रॉयडनच्या घरचा नंबर फिरवला. लाइन अजून तोडलेली नव्हती. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली, आणि मी ती वाजू दिली.