गुरुजींनी अर्थ सांगितलेला पिक्चर

माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा आमच्या घरी पेढ्यांच्या जोडीला व्हिडिओ आला, आणि त्या व्हिडिओने माझं शिक्षण तिथल्या तिथे संपवलंच होतं.

भडगावच्या अलीकडे, गिरणेच्या काठी आमचं गाव. ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं. कलर टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायची हौस तेव्हा लग्नाकार्यातच व्हायची. पण मला इंग्रजीत शाळेत सगळ्यांत जास्त मार्क पडले आणि नानांच्या अंगात वारं संचारलं. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. कपाशी कुठल्या वावरात लावायची इथपासून कुणाची सोयरीक कुठे करायची इथपर्यंत सगळं तेच ठरवत. वडील फक्त मान हलवत. मला जळगावला सायन्सला जायचं होतं. आमचे हेडसर दोनदा घरी येऊन "मुलीचं आयुष्य घडेल" म्हणून सांगून गेले होते, आणि दोन्ही वेळा नाना "पाहू" म्हणाले होते. नानांचं "पाहू" लोणच्यासारखं असायचं, कितीही दिवस टिकायचं.

माझी आई नानांशी बोलत नसे. भांडण नव्हतं, रीत होती. धाकट्या भावाच्या बायकोने जेठासमोर डोक्यावरचा पदर पुढे ओढायचा आणि थेट बोलायचं नाही. काही सांगायचं असलं की मी मधे. आई दारातून मला म्हणायची, "नानांना विचार, जेवायला वाढू का." नाना माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेले असत, त्यांना सगळं ऐकू येई, तरी ते मी विचारेपर्यंत थांबत. मग मला म्हणत, "तुन्या मायले सांग, वाढ म्हना." हे मी बोलायला लागल्यापासून करत होते. त्यात काही विचित्र आहे हे मला जळगावला गेल्यावर कळलं.

तर व्हिडिओ. नानांनी व्हिडिओवाल्याला बजावलं होतं की एक पिक्चर इंग्रजी पाहिजे, शाळेवरचा. पोरगी इंग्रजीत पहिली आली, चार लोकांनी ऐकावं तरी चांगलं इंग्रजी कसं असतं. व्हिडिओवाल्याने कॅसेट दाखवली. वर हसरी पोरं, हातात पुस्तकं, मागे पिवळी बस. खाली हायस्कूल असं इंग्रजीत छापलेलं. नाना खूश झाले. आमचंही हायस्कूलच होतं.

त्यांनी गावातली जाणती माणसं बोलावली आणि हेडसरांनाही. सर श्रावणात देवळात पोथीचा अर्थ सांगायचे. एकाने ओवी वाचायची, सरांनी अर्थ सांगायचा, बाकीच्यांनी माना डोलवायच्या. तीच व्यवस्था नानांनी इथे लावली. टीव्हीशेजारी सरांची खुर्ची, समोर सतरंजीवर पुरुष, मागे भिंतीला लागून बायका, आणि आई नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दारात अर्धी आत, अर्धी बाहेर. भरदुपारी खिडक्या लावून घेतल्या होत्या. जूनचा उकाडा, पाऊस अजून कुठे नव्हता, सगळे घामाने निथळत होते.

"ही शाळा आहे," सरांनी सुरुवात केली. लोकांनी माना डोलावल्या. शाळेसमोर मोटारींची रांग होती आणि त्या पोरं चालवत होती. मिसरूड न फुटलेली पोरं. सर म्हणाले, "श्रीमंत देश आहे." इथवर ठीक चाललं होतं. मग एका पोराने मास्तरांदेखत बाकावर तंगड्या टाकल्या. आमच्या शाळेत सरांची सावली पडली तरी आम्ही उठून उभे राहायचो. सर थोडं थांबून म्हणाले, "त्याचा पाय दुखतोय."

मला इंग्रजी कळत होतं, म्हणून माझी जास्त पंचाईत. तो पोरगा मास्तरांना काय बोलला ते मला समजलं, आणि माझे कान तापले. पुढे त्याने एका मुलीला काही विचारलं. सर म्हणाले, "वही मागतोय." तो वही मागत नव्हता. मग जेवणाच्या सुट्टीत त्या सगळ्यांनी एकमेकांवर अन्न फेकायला सुरुवात केली, भाताचे गोळे, गोडधोड, दूध. सतरंजीवरचे एक आबा पुटपुटले, "अन्न फेकतस?" सर म्हणाले, "त्यांचा काहीतरी सण असावा." आबांनी हात जोडले, देवाला की अन्नाला कोण जाणे.

मला खरा धक्का बसला तो वेगळ्याच जागी. त्यातल्या मुलीला तिच्या बापाने काही सांगितलं आणि ती "नाही" म्हणाली. एवढंच. आणि बाप जेवत राहिला. मी वाट पाहत होते की आता तो उठेल, आता काहीतरी होईल. काही झालं नाही. सरांनी त्याचा अर्थ सांगितलाच नाही.

आणि मग ते दोघं, वही मागणारा आणि ती, मोटारीत बसले आणि टीव्हीभर त्यांची तोंडंच दिसायला लागली. बायकांनी पदर तोंडाला लावले. सरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. मशीनला हात लावायचा नाही असा दम देऊन व्हिडिओवाला चहाला गेला होता, त्यामुळे ते बंद कसं करायचं कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी माझे वडील उठले आणि टीव्हीच्या पुढे, टीव्हीकडे पाठ करून उभे राहिले. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या दोन्ही बाजूंनी ते चालूच होतं. संपलं तरी वडिलांना कळलं नाही, ते उभेच.

नाना लालबुंद झाले होते. त्यांनी विचारलं, "गुरुजी, जयगावना कॉलेजमां असंच ऱ्हास का?"

मी सरांकडे पाहिलं. त्यांना जळगावचं कॉलेज माहीत होतं, ते तिथेच शिकले होते. त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाले, "आता काळ फार बदललाय. मी काय सांगणार?"

दोनदा घरी येऊन गेलेला माणूस हे बोलला.

"मंग बस," नाना म्हणाले. "पोरले दहावी भू झाई."

दहावी पुष्कळ झाली. संपलं. लोणच्याची बरणी एका वाक्यात फुटली.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. "पिक्चर तिनी लयेल नही शे, तुम्ही लयेल शे. मंग घर तिनी का बसानं?"

पिक्चर आणला नानांनी, मग घरी मी का बसायचं? आवाज कुणाचा ते मला क्षणभर उमगलंच नाही. आई आतली अर्धीसुद्धा बाहेर आली होती. पदर डोक्यावरच होता, पण तोंड नानांकडे होतं. भिंतीजवळच्या एका बाईने तिचा हात धरला, तो तिने सोडवून घेतला. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती नानांशी चकार शब्द बोलली नव्हती, आणि आज गावासमोर बोलली. टीव्हीतली माणसं मागे खदखदा हसत होती. मला वाटलं, आता हे घर राहत नाही.

नानांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते माझ्याकडे वळले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "काय म्हनस तुनी माय?"

त्यांनी ऐकलं होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं. पण रीतीप्रमाणे ते माझ्या तोंडून यायला हवं होतं, नाहीतर ते बोललंच गेलं नाही. मी काहीतरी गुळमुळीत सांगितलं असतं तर आईची आणि नानांची, दोघांचीही अब्रू राहिली असती. वडील अजून टीव्हीपुढे उभे होते.

"पिक्चर मी लयेल नही शे, नाना," मी म्हणाले. "तुम्ही लयेल शे. मंग घर मी का बसानं?"

मी गालावर हात ठेवूनच उभी होते. थप्पड आली नाही. नानांनी सतरंजीचा एक सुटा दोरा ओढून तोडला. मग सरांना म्हणाले, "गुरुजी, कॉलेजमां नाव कधी टाकनं पडस?" सर इतक्या घाईने "उद्याच, उद्याच" म्हणाले की मला त्यांचा राग यायच्या ऐवजी कीव आली. नानांना पटलं, की चारचौघांत दुसरं काही सुचलं नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. पण मी जळगावला गेले.

दिवाळीत घरी आले तेव्हा मनात एक चित्र होतं. आता आई आणि नाना सरळ बोलत असतील. पाहते तर मी गेल्यावर घरात निरोप द्यायलाच कुणी उरलं नव्हतं. नानांना चहा हवा असला की ते ओट्यावर खाकरत. आई कपबशी उंबऱ्यावर जरा आपटून ठेवी आणि आत जाई. मला ते बघवेना. रात्री ती भाकरी थापत होती तेव्हा मी तिला म्हणाले, "तू त्या दिवशी बोललीस ना? मग आता का बोलत नाहीस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू जळगावला जाऊन माझी अक्कल वाढायची सोडून कमीच झाली असावी.

"ते तुनाकरता व्हतं," ती म्हणाली, आणि पिठाचा हात स्वतःच्या छातीशी नेला. "मनाकरता बोलाले काय शे?"

आणि तिने तव्यावरची भाकरी उलटली.