तीन दिवसांचा मुक्काम

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी वीस वर्षांची, घाटंजीला मास्तरीण म्हणून आले आणि धर्मशाळेत उतरले. तिथला नियम भिंतीवरच रंगवलेला होता: मुक्काम तीन दिवस, जास्त नाही. तेवढ्यात खोली शोधायची होती. पण एकट्या बाईला खोली कोण देणार? कुणी जात विचारली, कुणी नवरा कुठे म्हणून विचारलं. खोली नाही मिळाली तर अमरावतीला परत, आणि तिथे माझ्या थोरल्या भावाने स्थळ ठरवूनच ठेवलं होतं. नोकरी सुटली की लग्न, एवढा सरळ हिशेब होता त्याचा.

तीन दिवस संपले, चौथ्या सकाळी माझा धीर सुटला. पोस्टात जाऊन दादाला कार्ड टाकलं, 'खोली मिळत नाही, न्यायला ये.' परत येऊन ट्रंक भरायला घेतली, तर धर्मशाळेचे म्हातारे रखवालदार दारात उभे. त्यांना मी काका म्हणत असे.

"कायले भरून राह्यल्या, बाई? आज रात्री माह्या घरी, बायकोपाशी झोपा. उद्या नवा मुक्काम लिहितो. नियमात बसते."

माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच कार्ड आठवलं. पोस्टात धावले, पण टपाल मोटारीने गेलं होतं. त्यानंतर दर चौथी रात्र काकांच्या घरी आणि सकाळी वहीत नवा मुक्काम, असं चाललं. मोटारीचा भोंगा वाजला की मी खिडकीशी धावायची. मुलींना पाढे सांगताना मीच चुकायची.

दादा आलाच. धर्मशाळेतच माझ्या पलीकडच्या खोलीत पथारी पसरून म्हणाला, "तू निघाल्याशिवाय मी हलत नाही." तीन दिवस तो समजावत होता, मी नाही म्हणत होते, रोज थोडं हळू आवाजात. आणखी एक दिवस तो राहिला असता तर मी गेले असते, हे खरं.

चौथ्या सकाळी काका वही घेऊन आले.

"दादासाहेब, खोली खाली करा लागते. तीन दिवस झाले."

"आणि ही?"

"बाई काल रात्री माह्या घरी होत्या. त्यांचा मुक्काम आजपासून."

"मग आज मीही तुमच्याकडे झोपतो."

"माह्या घरी बायामानसं हायेत," काका शांतपणे म्हणाले.

दादाने माझ्याकडे बघितलं. 'राहू द्या त्याला' एवढं मी म्हटलं असतं, तर काकांनी ऐकलं असतं. मी ते म्हटलं नाही; शाळेची पिशवी उचलली. तो एकटाच मोटारीत चढला, आणि मी शाळेत वेळेवर पोचले.