देवीची करवत

लहानपणी मी मोठ्या तापाने अंथरुणाला खिळले, तेव्हा बाबांनी गावदेवीला नवस केला: पोर बरी झाली तर जाळ्यात पुढचा करवत मासा सापडला की त्याच्या तोंडापुढची करवत देवळात टांगीन. तारापूरजवळच्या आमच्या कोळीवाड्यात तशी रीतच होती. हातभर लांब, दोन्ही कडांना दाते असलेल्या करवती आढ्याला ओळीने लटकत. बाबांचा हट्ट असा, की नवस फेडल्याशिवाय माझं लग्न करायचं नाही. आई वैतागून म्हणायची, "देवीला काय लाकडं कापायचीत?"

पालघरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षी दोन बिननात्याच्या प्राण्यांची तुलना लिहायची होती. मी करवत मासा घेतला आणि गिधाड. येता-जाता एसटीतून बेटेगावच्या माळावर मेलेल्या ढोराभोवती गिधाडं दिसायचीच. वर्गीकरण मजेत जमलं. करवत मासा दिसतो मुशीसारखा, म्हणजे शार्कसारखा, पण कल्ले पोटाखाली, म्हणून तो चपट्या पाकट माशाचा भाऊबंद. गिधाड टकलं असलं तरी घारी-गरुडांच्या कुळातलं. दोघांत सामाईक काय, तर पाठीचा कणा. तोही एकाचा कूर्चेचा, दुसऱ्याचा हाडाचा.

उरला शेवटचा मुद्दा, आज यांची स्थिती काय? गिधाडापुढे मी डोळे झाकून 'भरपूर' लिहिलं. माशासाठी मात्र देवळात जाऊन पाहिलं. एकूण एक करवत दिव्याच्या काजळीने काळी पडली होती. नवी, पांढरट अशी एकही नव्हती.

घरी 'दुर्मीळ' लिहिताना हात अडला. समोर बाबा जाळं सांधत बसले होते.

"बाबा, करवत मासा आता नाय गावायचा."

"दर्या हाय तो, घरची विहीर नाय!" बाबा उखडले.  मग बऱ्याच दिवसांनी एका सकाळी होड्या बांधणाऱ्या सुताराकडून सागाची करवत घेऊन आले, दात्यांसकट कोरलेली. ती देवळात टांगली आणि माझं लग्न झालं.

पुढे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माहेरी जाताना पाहिलं, तर बेटेगावच्या माळावर ढोराभोवती नुसती कुत्री. बाबांच्या दर्यासारखं माझं 'भरपूर'ही खोटं ठरलं होतं. फार वाईट वाटलं. बाबांना सांगितलं. संध्याकाळी ते देवळात देवीपुढे हात जोडून म्हणाले, "आई, ही लाकडाची उसनी हाय. खरी गावली का बदलीन."

होडी तर त्यांनी केव्हाच विकली होती.