चावीच्या दांड्याचं दुसरं टोक

माझ्यापुढे आता तिघेच उरले होते. आत साहेबांची खोली, दारात पोलीस, आणि आवारात वॉटरवर्क्सची सगळी माणसं एका रांगेत. घोषणा नाहीत, गलका नाही.

महायुद्ध संपलं होतं आणि सरकारने नवा कायदा आणला होता. पाणी, दिवाबत्ती, सफाई अशा खात्यांतल्या नोकरांनी संप करायचा नाही. युनियनने सगळ्यांच्या वतीने बोलणी करायची नाहीत. ज्याला काही सांगायचं त्याने एकट्याने यावं आणि स्वतःपुरतं बोलावं. आमचे युनियनचे महादूबापू जुन्या सवयीने सगळ्यांसाठी बोलायला गेले, ते सस्पेंड होऊनच बाहेर आले. मग ठरलं, काम थांबवायचं नाही. पाळी संपली की एकेकट्याने आत जायचं आणि बापूंना परत मागायचं.

पण आत गेलेला प्रत्येक जण पडलेल्या तोंडाने बाहेर येत होता. साहेब एकच विचारत, "हे तुझ्यापुरतं आहे का? नाही ना? मग तूही घरी बस."

मी हंगामी व्हॉल्व्हमन. खानदेशातून सांगलीकडे आलेला, चौथीत शाळा सुटलेला. इथे माझं कुणी नव्हतं. याच साहेबांनी मला ठेवून घेतलं, टाकीजवळची खोली दिली. भेटले की विचारायचे, "आई बरी आहे ना रे?" गावाकडे तिची चूल माझ्याच पगारावर पेटायची. अशा माणसासमोर उभं राहून काय बोलायचं?

सकाळी फाटकाबाहेर बापूंना विचारलं होतं, "बापू, मी नाही गेलो तर?"

"नगं जाऊस. तुजं हातावरचं पोट हाय. म्या काय बी म्हननार न्हाई."

त्यामुळे तर जास्तच अवघड झालं.

मागून पंपवाला गणपा कुजबुजला, "भ्या वाटतंय व्हय रं, खानदेशी?"

"हो."

"मला बी लय वाटतंय. पर रांग सोडू नगंस गड्या, न्हाईतर माजा नंबर अगुदर येतोय!"

माझी पाळी आली. साहेबांनी मान वर केली. "सुपडू, तूसुद्धा?"

पाठ केलेलं वाक्य विसरलो. जे मनात होतं तेच तोंडातून निघालं. "साहेब, मोठा व्हॉल्व्ह मला एकट्याला फिरवता येत नाही."

व्हॉल्व्ह म्हणजे जमिनीखालच्या नळातलं दार. वरून लांब लोखंडी चावी घालायची, तिच्या आडव्या दांड्याची दोन टोकं दोघांनी धरायची आणि सावकाश फिरायचं. दार झटक्यात बंद झालं तर धावतं पाणी आदळतं, नळ फुटतो. बापू माझे जोडीदार होते.

"काल एकट्याने भार टाकला. अडकलेला दांडा एकदम सुटला, नळ धाडकन वाजला. मला त्या व्हॉल्व्हची भीती बसलीय. बापू जोडीला पाहिजेत. हे माझ्यापुरतं आहे, साहेब."

साहेबांनी टाक खाली ठेवला. "कुणी शिकवलं हे बोलायला?"

"कुणी नाही."

"दुसरा माणूस दिला तर?"

"द्या. पण त्याला बापूंनीच शिकवायला हवं. मलाही त्यांनीच शिकवलं."

त्यांनी टाक पुन्हा उचलला. म्हणाले, "जा."

बाहेर गणपाने धरलंच. "काय म्हनले?"

"जा म्हणाले."

"आरं, पर घरी जा का कामावर जा?"

ते मलाही कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला. बापू परत कामावर, पण 'फक्त मोठ्या व्हॉल्व्हच्या कामापुरते'. संध्याकाळी त्यांनी दांड्याचं दुसरं टोक धरलं. "हं, सावकाश."

कायदा तसाच राहिला. मीही कितीतरी काळ हंगामीच राहिलो. साहेबांनी मला काढलं नाही, त्याबद्दल आजही त्यांचे उपकार मानतो. आईची चौकशी मात्र त्यांनी पुन्हा कधी केली नाही.

एवढंच शिकलो, एकट्याने बोलायची वेळ आलीच, तर दांड्याचं दुसरं टोक कुणाच्या हातात असतं ते आधी आठवावं.