प्रभुभोजनाची भाकर आणि पाचोडची शेळी

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू तिथे एकटी काय करतेस?" प्रश्न तुमचा नव्हता, तुमच्या बाबांनी पढवलेला होता, हे मला लगेच कळलं. मला तुमच्याकडे राहायला न्यायचं त्यांनी पुन्हा मनावर घेतलंय. म्हणून उत्तर लिहूनच पाठवते. लिहिताना कुणाला मध्ये बोलता येत नाही.

साथीत चर्चला कुलूप लागलं आणि उपासना मोबाइलवर आली. कुलूप निघालं तोवर माझे गुडघे संपावर गेले होते. माझ्यासारख्यांसाठी आणि खेड्यांतल्या कुटुंबांसाठी पाळकसाहेबांनी ऑनलाइन उपासना चालूच ठेवली. मी इस्त्रीची साडी नेसून मोबाइलसमोर बसायची. पायांत सपाता असायच्या, पण त्या पडद्यावर दिसत नाहीत.

तुमचे बाबा म्हणायचे, "आई, उद्या तू पडलीस तर त्या पडद्यातून कुणी हात बाहेर काढणार आहे का?"

मलाही ती माणसं म्हणजे पडद्यावरचे नुसते चौकोनच वाटायचे.

मग पावसाने दडी मारली. शहराबाहेर बिडकीनकडे कारखाने उभे राहत होते, शहरात इमारतींवर इमारती चढत होत्या, आणि आमच्या नळाला आठवड्याने पाणी. खेड्यांत तर चाराही नव्हता. अशात एका रविवारी प्रभुभोजनाचा विधी होता. ज्याने त्याने आपल्या घरी भाकर आणि द्राक्षरस समोर ठेवायचा, पाळकसाहेब प्रार्थना करणार, मग सगळ्यांनी एकदम घ्यायचं. प्रार्थनेला सगळ्यांचे डोळे मिटलेले, माझे मात्र किलकिले. शाळेत शिकवताना जन्मभर प्रार्थनेच्या वेळी कोण कुणाला चिमटे काढतंय ते पाहत आले, ती सवय काही जात नाही.

त्यामुळे पाचोड गावच्या चौकोनात शेळी शिरली, ती फक्त मला दिसली. तिथली बाई शेळ्या राखते. ती घट्ट डोळे मिटून बसलेली, आणि शेळीने तिच्या पुढ्यातली भाकर उचलून सावकाश चघळायला घेतली.

सांगावं तर माझे डोळे उघडे होते हे जाहीर होणार. गप्प बसावं तर ती बाई प्रभुभोजनाला मुकणार. मी माइक चालू केला.

"पाळकसाहेब, क्षमा करा. पाचोडची भाकर शेळी खातेय."

सगळे डोळे उघडले.

"आगं भवाने, सोड ती," बाई शेळीला म्हणाली. मग आमच्याकडे वळून, "तिला बी पोटभर काय मिळंना, साहेब. तुमी चालू द्या, मी बसते अशीच."

"असं कसं चालू देऊ?" पाळकसाहेब म्हणाले. "दुसरी भाकरी टाका. आम्ही थांबतो."

तिने चूल पेटवली. भाकरी भाजून होईपर्यंत आम्ही सगळे बसून राहिलो. कुणीतरी गीत धरलं. नेटमुळे प्रत्येकाची ओळ वेगळ्या वेळी पोचत होती, अगदी आमच्या खऱ्या चर्चसारखी.

शेवटी तिने विचारलंच, "मावशी, तुमचं डोळं उघडं कसं व्हतं?"

"तुझ्या शेळीसाठी," मी म्हटलं. त्या दिवसापासून ती मला फोन करू लागली.

पुढे एका रविवारी ऐन उपासनेच्या वेळी नळाला पाणी आलं. भिजू नये म्हणून मी फोन बंद करून कपाटात ठेवला आणि पिंपं भरत सुटले. दुपारी दारात पाचोडची बाई. पाळकसाहेबांकडून पत्ता घेऊन एसटीने आलेली, शहरातल्या क्रांती चौकापासून विचारत विचारत.

"सलाम, मावशी," ती आम्हा ख्रिस्ती लोकांच्या रीतीने म्हणाली. "तुमी दिसंना, फोन लागंना. पडला नाय ना?"

"पाणी भरत होते."

"पानी?" ती धाप टाकत खुर्चीत बसली. "मी शेळ्या शेजारणीवर सोडून आले, आन तुमी पानी भरता व्हय?"

मग माझ्या हातातून बादली घेऊन उरलेलं पाणी तिनेच भरलं. मी फोन चालू केला, तो लगेच तुमच्या बाबांचा आला. माझे हात ओले, म्हणून तिने उचलला.

"आई बरी आहे ना?"

"ठणठणीत हाय. पर लई लबाड हाय, प्रार्थनेत डोळं उघडं ठेवती."

ती कोण, कुठून आली, हे बाबांनी तिच्याकडूनच विचारून घेतलं. त्यानंतर कित्येक महिने मला तिकडे न्यायचा विषय निघाला नाही.

आता निघालाच आहे तर सांगते, तुमच्याकडे भेटीला येईन, राहायला नाही. आमची उपासना अजून मोबाइलवर भरते, आणि पाचोडची बाई अधूनमधून माझ्याकडे मुक्कामाला येते.