मास्तरांनी उचललेली काडी

लाझरस मास्तरांना साठ वर्षे पूर्ण झाली, हे गौरव समितीने कळवले तेव्हा मी आधी खात्री करून घेतली. माझा स्वभावच तसा आहे. कोणी विनाकारण चांगले वागले की माझ्या मनात पाल चुकचुकते. त्यामुळे मास्तरांचा सर्वांत जास्त संशय ज्याने घेतला, त्याच्याकडूनच हा लेख मागवण्यात समितीचा काय हेतू आहे, हेही मी विचारून पाहिले.

नव्वदच्या सुमारास आम्ही मुंबई सोडून नवीन पनवेलला राहायला आलो. तेव्हा आमच्या वसाहतीत चर्च नव्हते. रविवारची मिस्सा, म्हणजे आमची सामूहिक उपासना, शाळेच्या सभागृहात होई. दाराशी उभे राहून मास्तर प्रत्येकाची नावानिशी विचारपूस करीत. दिवसा ते शाळेत गणित शिकवीत आणि रविवारी आमच्या मुलांना धर्मशिक्षण देत. माझी पत्नी काविळीने आजारी पडली, तेव्हा त्यांनी आठ दिवस घरून पेजेचा डबा आणून दिला. मी शेजाऱ्यांना विचारले, "हे गृहस्थ निवडणुकीला उभे राहणार आहेत का?"

नाताळाआधीच्या चार रविवारांना आम्ही आगमनकाळ म्हणतो. प्रभू येणार म्हणून मन तयार करण्याचे हे दिवस. मास्तरांनी त्यासाठी एक प्रथा पाडली होती. वेदीजवळ रिकामी गव्हाणी ठेवायची आणि आठवड्यात हातून एखादे सत्कृत्य घडले, तर तिच्यात भाताच्या पेंढ्याची एक काडी टाकायची. नाव सांगायचे नाही. नाताळपर्यंत बाळ येशूचे अंथरूण मऊ झाले पाहिजे.

आमच्या पहिल्याच वर्षी तिसऱ्या रविवारी मिस्सा संपल्यावर मास्तरांना गव्हाणीतून एक काडी काढून खिशात घालताना मी पाहिले. त्याच सकाळी जवळच्या कोन गावच्या जनाबाई काड्यांसाठी पेंढ्याचा भारा घेऊन आल्या होत्या. तो ओला निघाला, म्हणून मास्तर त्यांना सगळ्यांदेखत टाकून बोलले होते. तेही मी पाहिले होते, पण त्याचा संबंध मी लावला नाही. मी वेगळाच संबंध लावला: मास्तर जुन्या पनवेलचे, गव्हाणी भरत होती ती आम्हा मुंबईकरांमुळे, आणि ते त्यांच्या डोळ्यांत सलत होते, म्हणून ते आमच्या काड्या काढून नेत होते. शिवाय आगमनकाळात सावध राहण्याचा उपदेश दर रविवारी होतच असतो. तो मी अगदी मनावर घेतला. मास्तरांना धर्मशिक्षणाच्या कामातून दूर करावे, असे पत्र मी तिथेच लिहून फादरांना दिले. वीस वर्षे जपलेले त्यांचे काम माझ्या एका कागदाने जाणार होते. फादरांनी चौथ्या रविवारी सभा ठेवली.

आदल्या दुपारी मास्तर कोनच्या रस्त्याने चालत निघालेले दिसले. आता पुरावा हाती लागणार, म्हणून मी मागोमाग गेलो. जनाबाईंच्या अंगणात मास्तर हात जोडून उभे होते.

"सगळ्यांसमोर बोललो तुम्हाला. चुकलं माझं."

"येवऱ्याशा गोष्टीसाठी चालत आलाव, मास्तर?" जनाबाई म्हणाल्या. "आमी कवाच इसरलो. आमच्या मनात काय नाय." मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. "पन ह्यो कोन हाय कुंपनामागं?"

"आमचेच आहेत," मास्तर म्हणाले. "या पीटरराव, उन्हात का उभे?"

परतताना मी काडीचा विषय काढलाच. मास्तरांनी ती खिशातून काढून दाखवली.

"माझीच आहे. सकाळी टाकली आणि लगेच त्या बाईंना दुखावलं. बाळाला टोचली असती."

"तुमचीच कशावरून?"

"मी टोकाला गाठ मारून ठेवतो. काढायची वेळ येतेच."

गाठ होती. मी बोटाने चाचपून पाहिली.

"मग सावध राहायचं म्हणतात, ते कशासाठी?" मी विचारले.

"पहारा आपल्याच दाराशी द्यायचा, पीटरराव. आपण दुसऱ्याच्या दाराशी उभे राहिलो, तर येणारा आपलं दार बंद बघून परत जाईल."

दुसऱ्या दिवशी सभेत फादरांनी पत्र वाचून दाखवण्याआधी मी उभा राहिलो. ते माझे आहे आणि खोटे आहे, असे सांगितले. मान वर करवत नव्हती. त्या आगमनकाळात मी सात काड्या टाकल्या होत्या. त्यातली एक चक्क हे पत्र लिहिल्याबद्दल होती. ती तरी काढावी म्हणून गव्हाणीपाशी गेलो, पण त्या ढिगात माझी कोणती, ते कळेना. मास्तर शेजारी येऊन हळूच म्हणाले, "राहू द्या. पुढच्या वर्षीपासून गाठ मारत जा."

तेव्हापासून मी गाठ मारतो. दर आगमनकाळात निम्म्याहून अधिक काड्या परत काढाव्या लागतात.

मास्तर, आपल्याला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, आपली पावले कोनच्या रस्त्याला अशीच लागत राहोत, ही प्रभुचरणी प्रार्थना. हा लेख म्हणजे माझी यंदाची काडी. यात आपल्यापेक्षा माझेच कौतुक जास्त झाले की काय, असा मला दाट संशय आहे. म्हणून टोकाला गाठ मारली आहे. टोचली तर आपणच काढा.